खळीचं पातेलं

माझी मान डावीकडे किंचित कललेली आहे. न्हावी केस कापताना ती सरळ करायला जातो आणि ती मुकाट्यानं परत आपल्या जागी येते. लग्नाकार्यात नवे सोयरे हटकून विचारतात, "काका, मान लचकली काय?" लचकली नाही, ती तशीच घडली. पुढारी मंडळी भाषणात सांगतात की आम्ही ताठ मानेनं जगलो. मी आपला उभी हयात मान मागे टाकून जगलो. वऱ्हाडातल्या ऐपतदार घरांच्या छताला आतून रंगीत कागद लावणं हा माझा धंदा होता.

हा लेख मागणाऱ्या संपादकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मी पतंगाच्या कागदाबद्दल बोलतोय. त्यांचा दोष नाही. आता सिमेंटची छतं आली, त्यांना मधोमध पंखे आले, आणि माझा धंदा असा गेला की तो होता हे सांगायलाही साक्षीदार लागतो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळातली ही गोष्ट. मोठे साहेब नागपुरात बसत, आणि कापसाचे पैसे खामगाव-मलकापूरच्या पेठांत फिरत. घरं मात्र पैसेवाल्यांचीही माळवदाची. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर हातभर माती. उन्हाळ्यात असं घर मोठं गार राहतं. पण ती माती फटीफटीतून सारखी झिरपत असते. जेवायला बसलात की वरणात येते, निजलात की डोळ्यांत येते. कधी मातीबरोबर विंचूही येतो, आणि तो मातीसारखा निमूट पडून राहत नाही. म्हणून लोक तुळयांखाली कापड ताणून ठोकत. मग कुणीतरी साहेबाच्या बंगल्यात वेलबुट्टीचा कागद पाहून आला, आणि सगळ्यांनाच आपल्या डोक्यावर वेलबुट्टी हवीशी झाली.

भिंतीला कागद लावणं सोपं आहे. भिंत कागद धरून ठेवते. छत कागद टाकून द्यायलाच बसलेलं असतं. आधी तुळयांच्या खालच्या अंगाला लाकडी पट्ट्या मारायच्या. त्यांवर मांजरपाट ताणून ठोकायचा, त्याला पातळ खळ पाजायची. वाळला की तो ढोलकीसारखा ताठ होतो. मग गेरू लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून सरळ रेघ उमटवायची आणि त्या रेघेवरून पहिला पट्टा लावायचा. खळ लावलेला कागद पंख्याच्या घड्यांसारखा चुणून एकानं लांब दांड्यावर तोलायचा, आणि दुसऱ्यानं एकेक घडी सोडत कोरड्या कुंच्यानं वर दाबत जायचं. खळ कोपरावरून काखेत येते, भुवईवरून डोळ्यात येते. तेव्हा डोळा पुसायचा नाही. पुसलात की पट्टा खाली, आणि तुम्ही त्यात गुंडाळलेले.

हे सगळं मला खामगावच्या करीम उस्तादांनी शिकवलं. बोलणं कमी, शिव्या भरपूर आणि हात लोण्यासारखा. त्यांच्या दोन सक्त ताकिदी होत्या. पहिली म्हणजे गिऱ्हाइकाला कागदाची पसंती कधी विचारायची नाही, कारण घरातल्या दोघांची पसंती एक नसते. दुसरी खळीबद्दल होती. खळ म्हणजे शिजवलेलं गव्हाचं पीठ. ते छताला लावलं की उंदीर, झुरळं, कसर सगळ्यांना मेजवानी. म्हणून आम्ही खळीत मोरचूद घालत असू. निळा, चमकदार, खडीसाखरेसारखा दिसणारा आणि पक्का विषारी. उस्ताद म्हणत, "बेटा, खळीचं पातेलं म्हणजे तान्हं पोर. नजरेआड करायचं नाही." उरलेली खळ खड्डा करून पुरायची आणि वर माती दाबायची, म्हणजे गुरंसुद्धा चाटणार नाहीत.

पहिली ताकीद मोडल्यावर काय होतं ते मी खामगावातच पाहिलं. एका अडत्या शेठजींनी पोपटांचा कागद आणला होता. छताला चित्र एका बाजूनं सुलटं दिसतं, दुसऱ्या बाजूनं उलटं. मी भोळेपणानं विचारलं, पोपट कुठून सुलटे दिसायला हवेत? शेठजी म्हणाले, "मी निजतो तिथून." शेठाणी म्हणाल्या, "पाहुणे काय तुमच्या बिछान्यावर निजून पाहतील? दारातून सुलटे दिसले पाहिजेत." बिछाना फिरवावा तर डोकं उत्तरेला जातं, आणि उत्तरेला डोकं करून जिता माणूस निजत नाही. मांजरपाट ताणून तयार, खळ आंबत चाललेली, आणि नवराबायको पोपटांवरून हातघाईवर. अखेर शेठाणी जिंकल्या. पुढे शेठजी भेटले की मला म्हणत, "तुझ्यामुळं रोज सकाळी उलटी पाखरं पाहून राह्यलो बे."

हसण्यासारखं असं पुष्कळ आहे. पण मी लिहायला बसलो ते वडनेर भोलजी गावच्या कामाबद्दल.

त्या साली पाऊस ओढला होता. ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी होऊनच करपली होती. तरी वडनेरच्या एका बड्या जमीनदारांच्या घरी मुलाचं लग्न ठरलं होतं आणि माडीवरच्या खोलीला कागद लावायचा होता. गुलाबांचा कागद होता, मुंबईहून आलेला. मी आणि उस्तादांचा मुलगा चांद, असे आम्ही दोघं गेलो. उस्ताद तोवर वारले होते.

मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, "भाऊसाहेब, परसात आम्ही खळ शिजवू. तिच्यात मोरचूद असतो. घरातल्या कोणी हात लावू नये." ते पानाला चुना लावत होते. "हाव हाव, सांगतो," म्हणाले. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. विसरले असतील. त्यांच्या घरात पुरुषांचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत क्वचितच पोचत असे.

घरच्या बाईंना आम्ही काकू म्हणत होतो. ठेंगण्या, गोऱ्या, सतत काहीतरी निवडत असलेल्या. जीव लावणारी बाई. आम्हाला रोज दुपारी स्वतः वाढायच्या आणि चांदला म्हणायच्या, "लाजून नको राहू बापा, तुयी माय इथं नाई म्हणून काय झालं?" त्यांचा एक नेम होता. त्यांच्या घरात चुलीवर चढलेलं काहीही वाया जात नसे. भाताची खरवड, डाळीचं पाणी, करपलेली भाकर, सगळं कुणाच्या तरी पदरात जायचं. शिजलेलं अन्न मातीत लोटणं म्हणजे त्यांच्या लेखी पातक. त्या वर्षी तर फारच.

शेवटच्या दिवशी दिवस कलायला लागला तरी आम्ही वरच होतो. खळीचा एक डबा आमच्याजवळ फळीवर, आणि उरलेली अर्धं पातेलं खळ खाली परसात, झाकण ठेवून. कडेचे दोन पट्टे बाकी होते. एक लावून झाला. दुसरा चांदनं दांड्यावर तोलला, आणि त्याच्या टोकाला लावायच्या आत डब्यातली खळ संपली. मी खाली उतरलो, परसात गेलो. चुलीवर पातेलं नव्हतं.

मला आधी वाटलं, घासायला नेलं असेल. मी मागच्या दाराशी जाऊन विचारलं, "काकू, आमचं पातेलं कुठं गेलं?"

काकू तांदूळ निवडत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, "ते होय? देऊन टाकलं सारजीले."

"दिलं? कशाला?"

"पाहा बाई! कशाले म्हंजे? तुमी ते मातीत लोटता, म्या काल आपल्या डोयानं पाह्यलं. एवढं गव्हाचं पीठ! सारजी दुपारी आली होती. म्हणे, दोन दिस झाले चूल नाई पेटली, पसाभर ज्वारी द्या. आमच्या कोठीची किल्ली ह्यायच्यापाशी, आन हे गेले नांदुऱ्याले. मंग म्या म्हटलं, हे घे, घाट्यासारखं शिजून तयार हाये, मीठ घाल आन लेकरायले चार."

सारजा म्हणजे त्यांच्याकडे गोठ्याचं शेण काढायला येणारी, नाल्यापलीकडच्या वस्तीतली बाई. नवरा कामाच्या शोधात खानदेशात गेलेला आणि पदरात दोन मुलं.

मी एवढंच म्हणालो, "काकू, त्यात मोरचूद आहे."

"मोरचूद? ते खरजेले लावतात ते?"

"हो. विष आहे ते."

काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, जणू मी काहीतरी दुसरं, बरं असं सांगणार आहे. मग सूप खाली पडलं आणि तांदूळ ओसरीभर सांडले. "म्या देल्लं," त्या म्हणाल्या. "म्या माह्या हातानं देल्लं. लेकरायले चार म्हटलं." आणि एकदम किंचाळल्या, "किती येळ झाला! अगा, दुपारी देल्लं ते! धाव ना रे!"

वरून चांद ओरडत होता, "भाई, जल्दी! पट्टा सुटतोय!" मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. नंतर कळलं, तो पट्टा अख्खा त्याच्या अंगावर आला.

मी फाटकाकडे पळालो तशा काकू मागून आल्या. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. त्या घरातली बाई दिवसाउजेडी अशी अंगणात आलेली गावानं कधी पाहिली नसेल. त्यांच्या हातात पितळी लोटा होता. "दूध हाये, तूप घातलंय, इखावर उतारा असते, पाज त्याइले, आधी लहान्याले पाज," असं काहीतरी एका दमात म्हणत त्यांनी तो माझ्या हातात कोंबला आणि फाटकाच्या खांबाला धरून खाली बसल्या.

नाल्यापलीकडच्या वस्तीपर्यंत मी कसा गेलो हे मला सांगता येणार नाही. लोटा हिंदकळत होता, दूध मनगटावरून कोपराकडे येत होतं. डोक्यात एकच हिशेब चालू होता. सकाळी मोरचूद किती घातला? नेहमीपेक्षा मूठभर जास्तच, कारण माडीवर उंदीर फार होते. मोठ्या माणसाला उलटी होऊन पडून जाईल. पण पोरं? दोन दिवसांची उपाशी पोरं चव पाहत बसतात का? एकदा वाटलं, कडू लागून थुंकतील. लगेच वाटलं, थुंकतील तर आई दटावून खायला लावेल, कारण तिच्याजवळ दुसरं काही नाही. मी वाटेत थांबलो, खाली वाकलो, परत पळालो.

सारजाचं घर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या काटक्यांच्या कुडाचं, वर गवत. दार म्हणजे एक तट्ट्या. तो बाजूला सारून मी आत डोकं घातलं. उन्हातून आल्यामुळं आधी काहीच दिसेना. मग पातेलं दिसलं. आमचंच, दाराजवळ उपडं घातलेलं. मी ते उलटून पाहिलं. बोटानं निपटून घेतल्यासारखं स्वच्छ होतं.

मग पोरगं दिसलं. दोन-तीन वर्षांचं, वाकळीवर उताणं पडलेलं. डोळे सताड उघडे, वर लागलेले. हालचाल काही नाही.

मी आयुष्यात पुष्कळ मढी पाहिली आहेत, माझ्या घरचीही. पण त्या क्षणी जे झालं ते कधी झालं नाही. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि लोटा पोराच्या तोंडाजवळ नेला.

"धक्का नका लावू," डोक्यावरून कुणीतरी म्हणालं. "सुटंन ते."

मी वर पाहिलं. सारजा उपड्या टोपल्यावर उभी होती, मान मागे टाकलेली, दोन्ही हात छताला. तिची पोरगी, सात-आठ वर्षांची असेल, एका दांड्यानं कागदाचं एक टोक वर दाबून धरून होती. गवताखाली फाटक्या गोणपाटाचे तुकडे बांधले होते, आणि गोणपाटावर गुलाब होते. आमचेच. पट्ट्यांच्या कडा कापून आम्ही जे तुकडे खाली टाकत होतो, जे काकूंच्या केरात जात होते, ते सगळे तिथं होते. कुठं अर्धा गुलाब, कुठं नुसती पानं, कुठं देठ एकीकडे नि फूल भलतीकडे. आणि वाकळीवरचं पोरगं त्या फुलांकडे पाहत होतं. मी मधे आल्यामुळं त्याला दिसेना, तशी त्यानं मान बाजूला काढली आणि परत पाहू लागलं.

"खाल्लं?" मी ओरडलो. "ते खाल्लं का कोणी?"

"काय खाल्लं?"

"खळ! काकूंनी दिली ती!"

सारजानं चिंधीच्या बोळ्यानं एक कोपरा दाबला आणि मग खाली उतरली. काळी, हडकुळी बाई, हात कोपरापर्यंत खळीनं भरलेले. माझ्याकडे जरा नवलानं पाहत होती. "बाईनं खायाले म्हणूनच देल्लं," ती म्हणाली. "त्याइले मी काय म्हणू? नाई म्हटलं तर पुन्हा काई देत नाईत. पन म्या तुमाले ते निळं टाकताना पाह्यलं होतं ना. गोठा तिथंच हाये. म्या माह्या लेकरायले इख चारन काय?"

मी भुईवरच बसलो. हसू की रडू कळेना, दोन्ही झालं. ती पोरगी तोंडावर हात ठेवून मला पाहत होती. सारजा सांगत होती, की या लहान्याचे डोळे आलेत, वरून भुसा पडतो, किडे पडतात, तो दिवसभर चोळतो. "तुमी वाड्यात लावता ते माती पडू नये म्हणूनच ना? मंग म्या म्हटलं, आपुनही पाहू लावून." मी वर पाहिलं. सांधे वाकडे होते, एका कडेला फुगे आले होते, गेरूची रेघ नव्हती. पण कागद धरून होता. माझा आनंद मला आवरेना. मी तिला म्हणालो, "अहो बाई, झकास काम केलंत! फुगा आला तिथं सुईनं टोचा." आणि असाच आनंदात, काही विचार न करता बोलून गेलो, "मग पोरांनी खाल्लं काय आज?"

"अजून काई नाई," सारजा म्हणाली.

चूल माझ्या गुडघ्यापाशीच होती. तिच्यात राख होती आणि राख गार होती. मी इतका वेळ तिच्याशेजारी बसून हसत होतो. कोणी खाल्लं नाही हे कळून मी देवाचे आभार मानले होते, आणि त्या न खाण्याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात शिरलाच नव्हता.

पोरीचं माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती लोट्याकडे पाहत होती. अर्धंअधिक सांडलं होतं, तरी तुपाचा वास साऱ्या खोपटात भरला होता.

"हे काय हाये?" सारजानं विचारलं.

"दूध," मी म्हणालो. "काकूंनी दिलं. तुम्ही ते खाल्लं असेल असं वाटलं, म्हणून. उतारा म्हणून."

सारजानं हात लुगड्याला पुसले. मग तिनं जे विचारलं त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि तेच मला आजवर सहन झालेलं नाही.

"लेकरायनं इख नाई खाल्लं," ती म्हणाली. "मंग आता हे वापस न्या लागन काय?"